व्यवसाय कर : परराज्यातील नोकरी व धाराशिव जिल्हा

व्यवसाय कर म्हणजे व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकरी यांवर राज्य शासन आकारत असलेला कर. आयकर केंद्राचा असल्यामुळे नोकरीसाठी राज्य बदलणाऱ्या व्यक्तीला प्रत्येक राज्यात उत्पन्नाचे निराळे विवरणपत्र भरावे लागत नाही. पगारातून होणाऱ्या कपातीत राज्यागणिक फरक पडतो तो या कराचा. संविधानाच्या अनुच्छेद 276 नुसार त्याची वार्षिक कमाल मर्यादा आरंभी 250 रुपये होती, ती 1988 च्या साठाव्या घटनादुरुस्तीने 2,500 रुपये झाली. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याची सीमा उमरग्याच्या बाजूने कर्नाटकाला भिडलेली असून सोलापूर–हैदराबाद महामार्ग नळदुर्ग व उमरग्यावरून जातो, त्यामुळे येथील नोकरदारांच्या दृष्टीने हा विषय महत्त्वाचा आहे.

पूर्वपीठिका : 1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, तर शेजारचे बार्शी व सोलापूर मुंबई इलाख्यात होते. संस्थानाचा स्वतंत्र आयकर अधिनियम 1357 फसलीचा असून 1950 मध्ये भारतीय आयकर लागू झाल्यावर तो संपुष्टात आला. जिल्हा 1956 मध्ये मुंबई राज्यात व 1960 मध्ये महाराष्ट्रात आला.

महाराष्ट्राचा अधिनियम : 1972 च्या दुष्काळात राज्यभर विस्तारलेल्या, वि. स. पागे यांच्या पुढाकाराने साकारलेल्या रोजगार हमी योजनेला कायमचा निधी मिळावा, म्हणून 1975 मध्ये राज्याने हा कर सुरू केला. शहरातील पगारदाराने दरमहा थोडी रक्कम द्यावी आणि तिच्यातून पाझर तलाव, बांधबंदिस्ती व रस्ते यांच्या कामांवर दुष्काळी भागातील मजुराला हक्काने मजुरी मिळावी, ही त्यामागील भूमिका होती. योजनेला 1977 च्या अधिनियमाने कायद्याचे अधिष्ठान मिळाले. अवर्षणप्रवण धाराशिवच्या दृष्टीने या कराचे मोल त्याच्या रकमेपेक्षा या सामाजिक करारात अधिक आहे.

आकारणी : महाराष्ट्रात दरमहा 10,000 रुपयांपेक्षा अधिक पगार असलेल्या पुरुष कर्मचाऱ्याकडून 200 रुपये व फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात, स्त्रियांना 2023 पासून 25,000 रुपयांपर्यंत सूट आहे. कर कापणे, भरणे व विवरणपत्र सादर करणे ही मालकाची जबाबदारी असून त्यासाठी तो नोंदणी प्रमाणपत्र घेतो. वकील, डॉक्टर आदी स्वतंत्र व्यावसायिक नावनोंदणी प्रमाणपत्र घेऊन स्वतः कर भरतात. जुन्या आयकर प्रणालीत या कराची वजावट मिळते.

राज्य बदलल्यास : उमरग्यात दरमहा 30,000 रुपये पगार घेणारा कर्मचारी ऑक्टोबरपासून तेवढ्याच पगारावर हैदराबादला रुजू झाला, तर एप्रिल ते सप्टेंबरचे 1,200 रुपये महाराष्ट्राकडे व पुढील सहा महिन्यांचे 1,200 रुपये तेलंगणाकडे जमा होतात, फेब्रुवारीची जादा रक्कम महाराष्ट्राच्या दरपत्रकातील असल्याने ती त्याला द्यावी लागत नाही. आयकराचे विवरणपत्र मात्र एकच राहते आणि त्यात दोन्ही नोकऱ्यांचा पगार एकत्र दाखवावा लागतो. एका राज्यातील घरातून दुसऱ्या राज्यातील कार्यालयाचे काम करणाऱ्याचा कर कोणत्या राज्याचा, याबाबत एकवाक्यता नाही.

ऊसतोड मजूर : वाशी, भूम, कळंब या भागांतून कर्नाटकातील कारखान्यांकडे जाणाऱ्या टोळ्या मुकादमाकडून उचल घेतात व तिचा हिशेब पुढे तोडलेल्या उसाच्या टनांवर होतो. मासिक पगारपत्रक नसल्याने कपातीची वरील पद्धत त्यांच्या मजुरीला लागू पडत नाही.

वाहन नोंदणी : नोकरीसाठी नेलेले धाराशिवच्या एमएच-25 क्रमांकाचे वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवल्यास मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 47 नुसार तेथे नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्यासाठी मूळ परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र आवश्यक असते. 2021 पासून पात्र नोकरदारांना भारत (बीएच) मालिकेचा पर्याय आहे.