टोस्टमास्टर्स इंटरनॅशनल

सभेत बोलण्याचा आणि नेतृत्वाचा सराव करून घेणारी जागतिक संस्था. राल्फ स्मेडली यांनी २२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियातील सांता आना येथे वायएमसीएच्या इमारतीत पहिला क्लब भरवला. स्त्रियांना सदस्यत्व मिळाले ते थेट १९७३ मध्ये. संस्थेच्या इतिहासातली ही मोठी उणीव.

येथे पगारी शिक्षक नसतो, सदस्यच एकमेकांचे परीक्षण करतात. पहिले भाषण ४ ते ६ मिनिटांचे, स्वतःची ओळख करून देणारे. किमान वेळ भरली की वक्त्यासमोर हिरवा दिवा लागतो, मग पिवळा, शेवटी लाल. एक सदस्य ‘अं’, ‘म्हणजे’ असे अडखळते उच्चार मोजतो आणि सभेअखेर प्रत्येकाचा आकडा वाचून दाखवतो. सवय मोडायला याहून परिणामकारक उपाय क्वचितच असेल. ‘टेबल टॉपिक्स’ या सत्रात आयत्या वेळी दिलेल्या विषयावर १ ते २ मिनिटे बोलायचे असते. पत्रकारांच्या अनपेक्षित प्रश्नांना तोंड द्यावे लागणाऱ्या अधिकाऱ्यांना हाच भाग सर्वाधिक उपयोगी पडतो. कॅमेऱ्यासमोरच्या, प्रश्नांवर प्रतिप्रश्न येणाऱ्या मुलाखतीची तयारी मात्र स्वतंत्रपणेच करावी लागते. मुंबई-पुण्यातील अनेक कंपन्यांतही असे क्लब चालतात.