रक्तचंदनाचं नशीब कुठे ठरलं?

तिरुमलाच्या डोंगरांभोवतीचं श्री वेंकटेश्वर राष्ट्रीय उद्यान १९८९ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर. जंगल कोरडं, पानगळीचं. खाली क्वार्टझाइटचा कातळ आणि वर जेमतेम माती. बालाजीच्या दर्शनाला जाणारा मराठी भाविक घाट चढताना हेच शेषाचलमचं रान पाहत असतो. मुका मार लागला की सहाणेवर उगाळायची रक्तचंदनाची बाहुली आपल्याकडे घरोघरी असे. तिचं झाड निसर्गतः उगवतं ते साऱ्या जगात फक्त दक्षिण आंध्रातल्या पूर्व घाटात आणि लगतच्या तमिळनाडूच्या थोड्या भागात. ते धोक्यात का आलं, असं विचारलं की स्थानिकांची कुऱ्हाड, शेळ्या आणि वणवे ही कारणं सांगितली जातात. ती खोटी नाहीत, पण मुख्य कारण त्यांत नाही. या झाडाचं भवितव्य दर वेळी जंगलापासून फार दूर, बाजारात ठरत आलं आहे आणि राखण मात्र आपण जंगलातच करत राहिलो.

मगरीच्या कातडीसारखी चौकोनी भेगाळलेली साल आणि तिच्या आतलं फिकट लाकूड तासून काढलं की गडद लाल गाभा लागतो. तो इतका घट्ट असतो की पाण्यात बुडतो. त्याला चंदनाचा सुगंध नाही. मोल होतं ते रंगाला. मध्ययुगीन युरोपात श्रीमंतांच्या जेवणातले पदार्थ या लाकडाच्या भुकटीने लाल करत. पुढे लोकर रंगवण्यासाठी युरोपीय व्यापाऱ्यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरून ते जहाजं भरून नेलं. १८५६ मध्ये विल्यम पर्किनने कृत्रिम रंग तयार केला आणि काही दशकांत रंगाच्या लाकडांचा व्यापार बसला. खरं तर इथे झाडाला उसंत मिळायला हवी होती. पण जपानमध्ये शामिसेन या तंतुवाद्याच्या दांडीसाठी हेच लाकूड उत्तम ठरलं, आणि नागमोडी रेषांच्या ओंडक्याला वेगळाच भाव आला. चीनमध्ये छिंग बादशहांच्या महालातलं फर्निचर ‘झितान’ लाकडाचं असे. २००० सालच्या चिनी राष्ट्रीय मानकाने झितान म्हणून याच एका जातीला मान्यता दिली. तोवर तिथे पैसेवाला नवा वर्गही तयार झाला होता. गिऱ्हाईक असं बदलत गेलं, झाडाची चाल मात्र तीच राहिली. गाभा धरायलाच त्याला पंधरा-वीस वर्षं लागतात, आणि मोठा ओंडका हवा तर त्याहून कितीतरी अधिक.

यावर कोणी म्हणेल, कुऱ्हाड चालवणारे हात तर आसपासचेच आहेत ना? आहेत, आणि त्या हातांवर आपण किती कठोर झालो तेही नोंदलेलं आहे. १९९५ मध्ये हे झाड ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेलं, जंगलातल्या ओंडक्यांची निर्यात बंद झाली, शिक्षा वाढल्या. एप्रिल २०१५ मध्ये शेषाचलमच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात वीस माणसं मेली. त्यांतली बहुतेक तमिळनाडूतली गरीब मजूर होती. तस्करी त्यानंतरही थांबली नाही, कारण मेलेल्या मजुराच्या जागी दुसरा मजूर मिळतो आणि खरेदीदार जागच्या जागी असतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शेतकऱ्यांना लागवड करू द्या, विकू द्या, म्हणजे जंगलावरचा भार हलका होईल. हे मला पटतं, पण एका अटीवर. सोललेला गाभा शेतातला की रानातला, हे नुसत्या नजरेने ओळखता येत नाही. झाड लावल्यापासून बंदरापर्यंतची नोंद चोख नसेल, तर कायदेशीर माल हाच चोरट्या मालाचा परवाना ठरेल.

याच डोंगरांतल्या बेडोमच्या सायकसची गोष्ट माझ्या म्हणण्याला छेद देते असं वाटू शकेल. त्याचं गिऱ्हाईक परदेशी नाही. या बुटक्या, ताडासारख्या दिसणाऱ्या झाडात नर आणि मादी वेगवेगळे असतात. नराचा शंकू कापून शक्तिवर्धक म्हणून जवळच्या बाजारात विकला जातो. झाड जिवंतच राहतं, म्हणून मोजणीत तूट दिसत नाही. पण पराग नाहीसा होतो आणि मादीला बी धरत नाही. वन्यजीव कायद्यात १९९१ मध्ये प्रथमच सहा वनस्पतींना संरक्षण मिळालं, त्यांत हा सायकस होता. साइट्सच्या सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टातही तो आहे. तरीही त्याच्यावरचं संकट टळलेलं नाही. म्हणजे बाजार जवळचा की लांबचा, हा प्रश्न दुय्यम आहे. झाडाचा कोणता भाग विकला जातो, यावर त्याचा धोका ठरतो. रक्तचंदनाचा गाभा अडवायचा तर चेन्नईच्या बंदरातले कंटेनर उघडावे लागतील. सायकससाठी शंकू धरण्याच्या हंगामात डोंगराखालच्या गावांतली जडीबुटीची दुकानं तपासावी लागतील, आणि ते विकणाऱ्यांना पोटापाण्याचा दुसरा मार्गही द्यावा लागेल.