विजेचा रेडिओवरून घेतलेला माग

वीज ढगात नेमकी कुठे सुरू होते हे डोळ्यांना दिसत नाही, कारण ढगच आड येतो. विजेतून निघणाऱ्या रेडिओ लहरींना मात्र ढगाची आडकाठी नसते. त्यामुळे विजेच्या अभ्यासाची ही वाट रेडिओइतकीच जुनी आहे.

७ मे १८९५ रोजी अलेक्झांडर पोपोव्ह यांनी सेंट पीटर्सबर्गमध्ये आपले यंत्र शास्त्रज्ञांच्या सभेत मांडले. त्यात काचेच्या नळीत लोखंडाचा कीस होता. लहर आली की कीस एकमेकांना चिकटे, त्यातून प्रवाह वाहू लागे आणि घंटा वाजे. घंटेचाच टोला परतताना नळीवर बसे, कीस सुटा होई आणि यंत्र पुढच्या विजेसाठी सज्ज होई. पोपोव्ह यांची खरी कल्पकता या परतीच्या टोल्यात आहे. त्याच उन्हाळ्यात हे यंत्र तिथल्या वनविद्या संस्थेच्या वेधशाळेत बसवले गेले आणि दूरच्या वादळांची नोंद कागदावर उमटू लागली.

वीज झाली एवढे कळले, पण कुठे? पहिल्या महायुद्धात वैमानिकांना वादळाची आगाऊ सूचना देता यावी म्हणून रॉबर्ट वॉटसन-वॅट ब्रिटिश हवामान खात्यात या प्रश्नाच्या मागे लागले. १९२०च्या दशकात त्यांनी एकमेकींशी काटकोनात असलेल्या अँटेना कॅथोड किरण नळीला जोडल्या. विजेची दिशा पडद्यावर रेघेसारखी क्षणात दिसू लागली. दोन ठिकाणच्या दिशा जिथे छेदतात, तिथे वीज. दुसऱ्या महायुद्धात हेच तंत्र जर्मन पाणबुड्या हुडकायला वापरले गेले.

पुढे जमिनीवर पडणारी वीज तिच्या लहरीच्या आकारावरून वेगळी काढण्याची पद्धत अमेरिकेत फिलिप क्रायडर, मार्टिन उमन आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली मांडली. दिशेऐवजी लहर पोहोचण्याच्या वेळेतला फरकही मोजला जाऊ लागला. लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते, म्हणून घड्याळे अतिशय अचूक लागतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे संवेदकांचे जाळे याच तत्त्वावर चालते आणि शेतकऱ्यांना सावध करणारे ‘दामिनी’ ॲप त्याच्या नोंदींवर उभे आहे.

वीज सुरू कशी होते, हे कोडे त्याहून अवघड. ढगात बर्फाचे मऊ गोळे आणि हलके स्फटिक एकमेकांवर आदळतात. बहुधा गोळ्यांवर ऋण आणि स्फटिकांवर धन भार जमतो. स्फटिक वाऱ्याबरोबर वर जातात, गोळे खाली राहतात. पण ढगांत मोजलेले विद्युतक्षेत्र कोरडी हवा भेदायला लागणाऱ्या क्षेत्राच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढे भरते. मग ठिणगी पडते कशी? बर्फकणांच्या टोकांशी क्षेत्र तीव्र होते हे एक उत्तर. वैश्विक किरणांमुळे सुटलेले वेगवान इलेक्ट्रॉन हे दुसरे.

नेदरलँड्समधील ‘लोफार’ ही खगोलशास्त्रासाठी उभारलेली रेडिओ दुर्बीण आता ढगातली वीज काही मीटरच्या अचूकतेने रेखाटते. तिच्या नोंदींत विजेच्या आरंभी एक क्षीण संकेत काही मायक्रोसेकंदांत झपाट्याने वाढताना आढळला. दोन उत्तरांतला वाद मात्र अजून मिटलेला नाही.