फक्कीच्या रेषेबाहेर: शाळेच्या संघाचा फोटो कोण काढतं?

आजचा एपिसोड एका फोटोपासून सुरू करतो. हा फोटो तुम्हीही पाहिलाय. तुमच्या शाळेच्या ऑफिसात, कपाटाच्या वर, काळ्या फ्रेममध्ये. मधल्या रांगेत खुर्च्या, त्यावर मुख्याध्यापक, क्रीडाशिक्षक आणि संस्थेचे कुणीतरी. मागे काही मुलं उभी, पुढे सतरंजीवर काही मांडी घालून बसलेली. मधोमध ढाल. खुर्चीवरच्यांची नावं पदव्यांसकट लिहिलेली. पोरांची कधी असतात, कधी नसतात.

आता सांगा, हा संघ कुठल्या खेळाचा? कबड्डी, खो-खो की व्हॉलीबॉल? ढालीवरची अक्षरं वाचल्याशिवाय कळत नाही. संघ खेळाचा, पण फोटोत खेळच नाही. असं का, हे शोधायला मी बसलो आणि शेवटी आमच्या चिखलीच्या घरातल्या एका बिस्किटाच्या डब्यापर्यंत पोचलो.

पहिलं कारण अगदी सरळ गणिताचं आहे. खो-खोमध्ये पळणारी मुलगी सेकंदाला साधारण सहा मीटर जाते असं धरा. कॅमेऱ्याचं शटर एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरतं उघडं राहिलं, तर तेवढ्यात ती बारा सेंटिमीटर पुढे सरकते. म्हणजे चेहऱ्याच्या जागी नुसता धूर. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाचं असेल, तर ती सरकते फक्त सहा मिलिमीटर. तेव्हा कुठे डोळे दिसतात, दात-ओठ खाल्लेले दिसतात. जुन्या साध्या कॅमेऱ्यांना हे जमणारं नव्हतं. म्हणून ‘हलू नका’ हा फोटोग्राफरचा पहिला मंत्र होता. आणि जो हलत नाही तो खेळत नाही.

पळणाऱ्याला फोटोत पकडायची धडपड मात्र जुनी आहे. १८७८ साली अमेरिकेत एडवर्ड मायब्रिजने शर्यतीच्या वाटेवर १२ कॅमेरे ओळीने मांडले आणि दोरे आडवे बांधले. घोडा पळत गेला तसे दोरे ताणले गेले आणि एकेक फोटो निघत गेला. धावताना घोड्याचे चारही पाय एकदम जमिनीवरून सुटतात, हे तेव्हा जगाला दिसलं.

आणि आपल्याकडे? इथे मी खरंच थक्क झालो. एका भारतीयाने भारतात काढलेली पहिली हलती चित्रं कशाची होती माहितीये? कुस्तीची! हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हे मुंबईचे फोटो स्टुडिओवाले. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये दोन पैलवानांची कुस्ती टिपली. फिल्म धुवायला परत विलायतेला पाठवावी लागली. कुणी पगारावर नेमलं नव्हतं. हौस त्यांची, खर्चही त्यांचाच. म्हणजे मराठी माणसाच्या हातात हलती चित्रं टिपणारा कॅमेरा आला, तेव्हा तो सर्वांत आधी खेळाकडेच वळला.

पण हौस एका माणसाची असते. गावागावातल्या मैदानांपर्यंत कॅमेरा पोचायला फार वेळ लागला. आपल्याच वऱ्हाडातलं उदाहरण घ्या. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये सुरू झालं. त्यांचा संघ १९३६ मध्ये बर्लिनला गेला आणि ऑलिंपिकच्या वेळी तिथे कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आला. त्याच बर्लिनमध्ये लेनी रीफेनश्टाल डझनावारी कॅमेरामन घेऊन ऑलिंपिकवर सिनेमा काढत होती. कॅमेऱ्यासाठी खड्डे खणले होते, रूळ टाकले होते. खेळ कसा दाखवायचा हे जगाला तेव्हाच कळलं होतं. फक्त ते सरकारच्या पैशाने चाललं होतं. तालुक्याच्या शाळेसाठी रूळ कोण टाकणार?

स्वातंत्र्यानंतर परदेशी कॅमेऱ्यांच्या आयातीवर निर्बंध आले. मध्यमवर्गीय घरात कॅमेरा असलाच तर बहुतेक भारतात तयार होणारा अ‍ॅग्फा क्लिक थ्री. एका रोलमध्ये १२ फोटो आणि शटरचा वेग ठरलेला. वाढदिवसाला ठीक, खो-खोला निरुपयोगी. मग शाळा वर्षातून एकदा स्टुडिओवाल्याला बोलावायची. तो पैसे घेऊन येणार, एक-दोन फोटो काढणार आणि जाणार. एकच फोटो निघणार म्हटल्यावर त्यात कोण हवं? ज्याच्या सहीने बिल निघतं तो. खुर्च्यांचं गणित हे असं आहे. मुख्याध्यापकांना नावं ठेवायची म्हणून सांगत नाही हं. फोटो महाग असला की तो मानाचा होतो, आणि मान वरपासून खाली वाटला जातो.

हे बदललं ते फुकटच्या माणसामुळे. म्हणजे पालकांमुळे.

माझी ताई २००७ ते २०१० शाळेच्या खो-खो संघात होती. बाबांचं मोटार वाइंडिंगचं दुकान. त्यांनी एका फोटोग्राफरची मोटार भरून दिली, पैसे थकले, आणि पैशांऐवजी जुना याशिकाचा एसएलआर घरी आला. आई चार दिवस बोलली नाही. पण त्या कॅमेऱ्यात शटर हजारावर जात होतं.

बाबा सरांना विचारून मैदानावर जायला लागले. तालुक्याचे सामने चिखलीत, जिल्ह्याचे पंचवीसएक किलोमीटरवर बुलढाण्याला, आणि नशीब असेल तर पुढे विभागाचे अमरावतीला. रोलमध्ये ३६ फोटो. ते जपून वापरायचे, म्हणून बाबांनी आधी खेळ समजून घेतला. आठ जणी पाटीवर एकाआड एक उलट तोंड करून बसतात, नववी पाठलाग करते. कुणाला खो मिळेल सांगता येत नाही, पण खांबाजवळ सूर मारला जाणार हे नक्की. म्हणून बाबा फक्कीच्या रेषेबाहेर, खांबाच्या बाजूला, दुपारचं ऊन पाठीवर घेऊन उकिडवे बसायचे. एका डावात सहा-सातदाच बटण दाबायचे. धूळ इतकी, की रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास लेन्स पुसत बसायचे.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. संघात मुली बारा, मैदानात नऊ. उरलेल्या तिघी बाजूला पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसलेल्या. त्यातली एक बाबांना म्हणाली, “काका, माहा बी काढा ना एक.” सामन्यात तर ती खेळत नव्हती. मग बाबा मुद्दाम सकाळच्या सरावाला गेले आणि तिचा सूर मारतानाचा फोटो काढून आले. बिल लावणारा माणूस हे करणार नाही. त्याचं चुकलं असंही नाही, त्याचं पोट त्यावर आहे. पण स्वतःची पोरगी त्याच पाटीवर बसलेली असली, की बाकी अकराही दिसायला लागतात.

सगळं गोडगोड नव्हतं. संघ जिल्ह्याला जिंकला तेव्हा पेपरच्या तालुका पानासाठी फोटो द्यायचा ठरला. एका घरून निरोप आला: पोरगी हाफ पँटीत आहे, पेपरात नको. ताई चिडली, सर हळहळले. बाबांनी वाद घातला नाही. पेपरला दुसरा फोटो दिला, पण त्या मुलीची प्रिंट तिच्याच हातात नेऊन दिली. फोटो तिचा आहे, तो लपवायचा की लावायचा हे तिनं ठरवावं, एवढंच म्हणाले. आज मुलींचे फोटो ग्रुपवर धडाधड फिरतात, तेव्हा मला हे नेहमी आठवतं.

मग फिल्मचे दिवस संपले. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. गावात रोल धुऊन मिळेना. ताई शाळेतून कधीच बाहेर पडली होती, पण बाबांना सर बोलावतच होते. मग ते मोबाईलवर फोटो काढू लागले. ३६ चं बंधन गेलं, एका सामन्याचे चारशे फोटो.

आणि आता माझी चूक. मी इंजिनीअरिंगला होतो. सुट्टीत घरी आलो, बाबांचा फोन हँग होत होता. मी रुबाबात कार्ड फॉरमॅट केलं. ‘सगळं कॉपी केलंय’ असं मला वाटत होतं. केलं नव्हतं. २०१४ ते २०१६, तीन मोसम, एका मिनिटात गेले. बॅकअपवर पगार घेणारा मी आज हे माईकवर कबूल करतोय. बाबा तेव्हा काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

मागच्या वर्षी, जानेवारी २०२५ मध्ये, दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले, आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे: प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. चारी बाजूंनी कॅमेरे, सूर मारला की लगेच स्लो मोशन. फायनलनंतर दोन दिवसांनी बाबांना एक फोन आला. ती पाण्याच्या बाटल्या सांभाळणारी. तिची मुलगी आता शाळेत खो-खो खेळते आणि आई कधी खेळत होती यावर तिचा विश्वासच बसत नाही. लग्नानंतरच्या सामानाच्या हलवाहलवीत तिची प्रिंट हरवली होती. “काका, तो फोटो असंल का हो?”

बिस्किटाचा डबा उघडला. प्लास्टिकच्या पट्ट्यांमध्ये निगेटिव्ह, प्रत्येक पट्टीवर तारीख, गाव आणि बारा मुलींची नावं. बाराही. मी लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनवर पट्टी धरली, मोबाईलने फोटो काढला, रंग उलटे केले. ती हवेत होती. हात खांबापर्यंत पोचलेला, पाय जमिनीवरून सुटलेले.

त्या पूर्ण डब्यात बाबांचा एकही फोटो नाही. एका फोटोत खाली फक्कीवर उकिडव्या माणसाची सावली आहे, तेवढीच.

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. तुमच्या शाळेचा, आईवडिलांच्या शाळेचा संघाचा जुना फोटो शोधा. त्यातल्या कुणाला तरी फोन लावा आणि सतरंजीवर बसलेल्यांची नावं विचारून घ्या. मागच्या बाजूला पेन्सिलने लिहा, पेनाने नको, शाई उमटते. आणि फोटो काढणाऱ्याचं नाव कळलं, तर तेही लिहा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.