दक्षिणा आणि पारितोषिक

शाळेचे वर्ष संपत आले म्हणजे गावोगावच्या शाळांतून एक निराळीच लगबग सुरू होते. पटांगणात मांडव पडतो, मुलांच्या हस्तव्यवसायाचे प्रदर्शन मांडले जाते, मुख्याध्यापक वर्षाचा अहवाल वाचतात आणि पाहुण्यांच्या हस्ते पारितोषिके वाटली जातात. हा समारंभ आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, तो आपल्याकडे कसा रुजला, असा प्रश्न सहसा कोणास पडत नाही. वास्तविक एखादा समाज कोणत्या मुलास चारचौघांत उभे करून शाबासकी देतो, यावरून त्या समाजाची विद्येविषयीची कल्पना जितकी स्पष्ट कळते, तितकी ती शिक्षणविषयक ठरावांवरूनही कळत नाही. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर या गोष्टीचा माग पेशवाईपर्यंत नेता येतो.

तळेगावच्या दाभाडे घराण्याने सुरू केलेला श्रावणमासातील दक्षिणेचा प्रघात पुढे पेशव्यांनी पुण्यास आणला. श्रावण लागला की काशीपासून कर्नाटकापर्यंतच्या प्रांतांतून शास्त्री, वैदिक आणि विद्यार्थी यांची रीघ पुण्याकडे लागे. ज्यांचे अध्ययन विशेष असे, त्यांची परीक्षा दरबारचे शास्त्री घेत व योग्यतेप्रमाणे त्यांचा सन्मान होई. उरलेल्या समुदायास पर्वतीनजीकच्या रमण्यात दक्षिणा वाटली जाई. विद्येचा आदर राजाने उघडपणे करावा, ही कल्पना या प्रघातामागे होती, आणि तिचे श्रेय त्या काळास दिलेच पाहिजे. मात्र या आदराचे दार एकाच वर्णासाठी उघडे होते. रमण्याच्या कुंपणाबाहेर राहिलेल्या मुलांमध्ये कोणी बुद्धिमान असेल काय, हा प्रश्न तेथे कोणी विचारला नाही.

सन १८१८ मध्ये पेशवाई संपली. एल्फिन्स्टन यांनी दक्षिणा एकदम बंद केली नाही. तीतील काही रक्कम विद्यादानाकडे वळविण्याचे धोरण त्यांनी धरले, आणि १८२१ साली पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडण्यात आली. ज्या वाड्यात दुसऱ्या बाजीरावाचा दरबार भरे, तेथे आता विद्यार्थी पाठ म्हणू लागले. परंतु पहिली कित्येक वर्षे या पाठशाळेतही फक्त ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच प्रवेश होता. जागा बदलली, व्यवस्था बदलली, कुंपण मात्र जागच्या जागी राहिले.

ते हलविण्याचा पहिला प्रयत्न पुण्यातीलच काही तरुणांनी केला. दक्षिणेच्या निधीतील काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस द्यावा, मग तो लेखक कोणत्याही जातीचा असो, अशा आशयाचा अर्ज त्यांनी १८४९ साली सरकारकडे केला. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांचा या चळवळीस पाठिंबा होता. सनातनी मंडळींत मोठी खळबळ उडाली. तथापि १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली, आणि मराठी भाषांतरांना व स्वतंत्र ग्रंथांना बक्षिसे मिळू लागली. त्याच वर्षी संस्कृत पाठशाळा व सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज निघाले आणि त्याचे दार इतर जातींच्या विद्यार्थ्यांनाही उघडले. दान मागावयाचे असते, पारितोषिक मिळवावयाचे असते. हा फरक आपल्याकडे सरकारी दप्तरात उतरला तो असा.

याच सुमारास पुण्यात याहूनही मोठी घटना घडत होती. जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी १८४८ साली भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली होती. १८५१ व १८५२ या वर्षांत आणखी शाळा निघाल्या. सावित्रीबाई शाळेस जाऊ लागल्या की रस्त्यात त्यांच्या अंगावर चिखल व शेण फेकले जाई, हे सर्वश्रुत आहे. अशा वेळी शाळा चालविणाऱ्यांनी मुलींना चार भिंतींच्या आड ठेवून गुपचूप शिकविले असते, तर त्यांस कोणी दोष दिला नसता. त्यांनी नेमके उलट केले. १८५२ च्या फेब्रुवारीत मुलींची जाहीर परीक्षा झाली, आणि १२ फेब्रुवारी १८५३ रोजी पूना कॉलेजच्या आवारात पुन्हा तशी परीक्षा घेण्यात आली.

त्या काळच्या वार्षिक परीक्षेचे स्वरूप आजच्याहून फार भिन्न होते. वर्षभराचा अभ्यास जमलेल्या लोकांपुढे तोंडी तपासला जाई. मुलांनी वाचून दाखवावे, हिशेब सोडवावा, प्रश्नास उत्तर द्यावे आणि शेवटी तेथेच बक्षीस घ्यावे, अशी रीत होती. म्हणजे परीक्षा आणि बक्षीस समारंभ ही एकाच दिवसाची दोन अंगे होती. १८५३ च्या त्या परीक्षेस दोनशेहून अधिक मुली बसल्या आणि ती पाहण्यास सुमारे तीन हजार लोक लोटले होते. मुलीस विद्या येत नाही, असे पिढ्यान्‌पिढ्या मानणाऱ्या शहराच्या डोळ्यांदेखत मुली वाचीत होत्या. शंभर व्याख्यानांनी जे साधले नसते, ते एका दुपारी साधले. या शाळांना पुढे सरकारी मदत मिळाली तीही दक्षिणेच्याच निधीतून, हा इतिहासाचा न्याय म्हणावयाचा.

या शाळांविषयी एक आठवण सांगितली जाते. पाहुण्यांनी पारितोषिक म्हणून खाऊखेळणे पुढे केले, तेव्हा एका लहान मुलीने, ‘हे नको, आमच्या शाळेस ग्रंथालय द्या,’ असे उत्तर दिले. या शाळेतील मुक्ताबाई नावाच्या मातंग समाजातील मुलीने आपल्या समाजाच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापला गेला, हे ध्यानात घेतले म्हणजे अशा मागणीचे नवल वाटत नाही. ज्या मुलांना विद्येची किंमत पुरती कळली होती, त्यांना बक्षिसाचा अर्थही वडीलधाऱ्यांपेक्षा अधिक कळला होता.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. तीत उत्तीर्ण झालेल्या एकवीस विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. आता परीक्षा कागदावर गेली आणि गौरव यादीत. मॅट्रिकला संस्कृतात सर्वांत अधिक गुण मिळविणारास जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळू लागली, आणि ‘शंकरशेट स्कॉलर’ हा मराठी घरांत मोठ्या अभिमानाने उच्चारला जाणारा शब्द झाला. पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांनी १९१२ साली ती मिळविली. या शिष्यवृत्तीने संस्कृत विद्येची मोठी सेवा केली. पण जो विद्यार्थी संस्कृताच्या वर्गातच बसू शकत नव्हता, त्यास ती कशी मिळावी?

असा एक विद्यार्थी त्याच काळात मुंबईत शिकत होता. भीमराव आंबेडकर यांना शाळेत संस्कृत घेता आले नाही, फारसी घ्यावी लागली. कोणत्याही मानाच्या यादीत त्यांचे नाव नव्हते. तरी त्यांच्या समाजातील लोकांनी त्यांचा सत्कार करण्याचे ठरविले. चरित्रकार हा प्रसंग १९०७ साली ते मॅट्रिक झाले त्या वेळचा मानतात. बाबासाहेबांनी १९५६ साली लिहिलेल्या प्रास्ताविकात मात्र तो इंग्रजी चौथीच्या परीक्षेनंतरचा म्हणून सांगितला आहे. इतर समाजांतील शिक्षणाच्या मानाने हे यश सोहळा करण्याजोगे नव्हते, असेही ते तेथे म्हणतात. वडिलांनी प्रथम साफ नकार दिला. मुलगा एक परीक्षा उतरला एवढेच, सत्काराने तो शेफारेल, असे त्यांचे म्हणणे. अखेर कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी मध्यस्थी केली आणि सभा भरली. त्या सभेत केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या मुलास भेट दिले.

ते पुस्तक बाबासाहेबांनी मनापासून वाचले आणि त्याचा परिणाम जन्मभर टिकला. पुढे केळुसकरांनीच त्यांची सयाजीराव गायकवाडांशी गाठ घालून दिली. बडोद्याच्या साहाय्याने ते १९१२ साली बी. ए. झाले आणि १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी धम्मदीक्षा घेतली. तेव्हा त्या मार्गाची पहिली ओळख एका साध्या सभेत मिळालेल्या पुस्तकाने झाली होती, असे म्हणण्यास त्यांच्याच लेखणीचा आधार आहे.

यानंतरचा इतिहास आपल्या अधिक परिचयाचा आहे. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार जिल्ह्याजिल्ह्यांच्या शाळा मंडळांकडे आला. १९६२ पासून तो जिल्हा परिषदांकडे गेला. व्हर्नाक्युलर फायनल उतरलेला मुलगा साऱ्या गावाचा अभिमान ठरे, कारण तो शिक्षक किंवा तलाठी होऊ शके. पुढे माध्यमिक शालान्त परीक्षेच्या गुणवत्ता यादीने घरोघर उत्सुकता निर्माण केली. मंडळाने ती यादी पुढे बंद केली, तरी पहिल्या क्रमांकाचे आकर्षण ओसरलेले नाही.

शासकीय सेवेमुळे अशा समारंभांना उपस्थित राहण्याचा योग मला वरचेवर येतो. व्यासपीठावरून पाहताना एक गोष्ट नेहमी जाणवते. पुकारली जाणारी नावे बहुधा तीच तीच असतात. एकाच मुलास चार चार पारितोषिके मिळतात आणि शेकडो मुले टाळ्या वाजविण्यापुरती उरतात. गुणांस मान मिळू नये, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर न जाता आजीजवळ राहून शाळा न चुकविणारा मुलगा, घरात प्रथमच लिहू-वाचू लागलेली मुलगी, यांचे यश गुणपत्रिकेत दिसत नाही. भीमरावांचे यशही कोणत्या यादीत दिसले नव्हते. ते त्यांच्या लोकांना दिसले, आणि एका शिक्षकास त्यांच्या हाती काय द्यावे हे सुचले.

पेला किंवा ढाल कपाटात जाते आणि तिच्यावर धूळ बसते. पुस्तक हाती राहते, शिष्यवृत्ती पुढच्या वर्षाची फी भरते, ग्रंथालय तर मागून येणाऱ्या मुलांच्याही उपयोगी पडते. यंदाच्या समारंभाची यादी करताना शाळांच्या चालकांनी पुण्याच्या त्या लहान मुलीचे उत्तर एकदा आठवून पाहावे.