खर्ड्याच्या तोफगाड्यापासून मोटारीच्या स्ट्रटपर्यंत

जामखेड तालुक्यातील खर्डा हे गाव इतिहासाच्या पुस्तकात ११ मार्च १७९५ च्या लढाईमुळे येते. एका बाजूला निजाम अलीखान, दुसऱ्या बाजूला परशुरामभाऊ पटवर्धनांच्या नेतृत्वाखाली पेशवे, शिंदे, होळकर आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा. दोन्हीकडे फ्रेंच पद्धतीने कवायत शिकवलेल्या पलटणी होत्या आणि तोफाही होत्या. निजामाला शेवटी खर्ड्याच्या भुईकोटाचा आसरा घ्यावा लागला आणि मग तह झाला. हा भाग आपण वर्गात शिकवतो. आज त्याच लढाईतल्या एका दुर्लक्षित वस्तूकडे पाहू, ती म्हणजे तोफगाड्याचे चाक.

तोफ बैल ओढत. चाकाला लाकडी आरे, त्यावर लोखंडी धाव, मध्ये आख, आणि आखावर थेट बसवलेला गाडा. चाक दगडावर चढले की गाडाही तितकाच वर उचलला जाई. मालाच्या बैलगाडीचीही हीच गोष्ट. अशा गाडीला वेग देता येत नाही, कारण वेग वाढला की धक्का वाढतो आणि आख किंवा आरे मोडतात. बैलाच्या चालीने हे भागत होते.

उपायाचे विज्ञान मात्र तेव्हा शंभर वर्षांहून जुने झाले होते. स्प्रिंग जितकी दाबावी वा ताणावी, तितक्याच प्रमाणात तिचे उलट बल वाढते, हा नियम रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. युरोपातील श्रीमंतांच्या बग्ग्यांना अठराव्या शतकातच पोलादी स्प्रिंगा बसू लागल्या होत्या. खर्ड्याच्या लढाईनंतर नऊएक वर्षांनी, १८०४ च्या सुमारास, लंडनच्या ओबादाया इलियटने पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेल्या लंबवर्तुळाकार कमानीचे पेटंट घेतले. आपल्या टांग्याच्या आणि ट्रकच्या कमानी, ज्यांना गॅरेजमध्ये ‘पाटे’ म्हणतात, त्या याच कुळातल्या.

पाट्यांकडे नीट पाहिले तर ते एकाच वेळी तीन कामे करतात. पहिले, धक्का झेलणे. दुसरे, आखाला जागेवर धरून ठेवणे. तिसरे काम सहज दिसत नाही. पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि त्या घर्षणाने हेलकावे लवकर थांबतात. नगरच्या रणगाडा संग्रहालयात (स्थापना १९९४) रोल्स-रॉइसची जुनी चिलखती मोटार आहे. तिच्या चाकांवरच्या कमानी विद्यार्थ्यांना जरूर दाखवाव्यात.

पण पाटे जड आणि ताठ. मऊ प्रवासासाठी मळसूत्री स्प्रिंग आली, आणि एक अडचण घेऊन आली. ती फक्त पहिलेच काम करते. तिला घर्षण जवळजवळ नाही, म्हणून एका खड्ड्यानंतर गाडी कितीतरी वेळ वरखाली होत राहते. चाकाला ती धरूनही ठेवत नाही. म्हणून हेलकावे शमवायला तेलाचा शॉक ॲब्सॉर्बर आणि चाक धरायला वेगळे दांडे लागले. शॉक ॲब्सॉर्बरमध्ये दट्ट्या तेलात सरकतो. तेलाला बारीक भोकांतून जावे लागते, आणि गतीची ऊर्जा उष्णतेत बदलते.

सुटी झालेली ही तीन कामे पुन्हा एकत्र आणण्याचे श्रेय अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याला जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर जनरल मोटर्समध्ये तो ‘कॅडेट’ नावाच्या छोट्या, स्वस्त मोटारीवर काम करत होता. ती योजना रद्द झाली आणि १९४७ मध्ये तो फोर्डकडे गेला. त्याच्या रचनेत शॉक ॲब्सॉर्बर हाच चाक धरणारा उभा खांब झाला आणि स्प्रिंग त्याच्याभोवती बसली. हाच स्ट्रट. १९५० मध्ये इंग्लंडच्या फोर्ड कॉन्सलमध्ये तो आला.

आपल्याकडे ॲम्बॅसडरला पुढे पीळ घेणारे पोलादी दांडे होते, तर कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या फियाटला मळसूत्री स्प्रिंग व दुहेरी दांडे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिचे इंजिन पुढे आडवे बसवलेले, जागा अगदी थोडी. तिथे स्ट्रटच सोयीचा होता. आज रस्त्यावरच्या बहुतेक लहान मोटारींत तोच आहे.

खराब स्ट्रट घरी बदलणारे हौशी लोकही आहेत. चाचणी सोपी आहे. बॉनेटचा कोपरा जोराने दाबून सोडावा. गाडी एकदा वर येऊन स्थिर झाली तर ठीक. डोलत राहिली, किंवा स्ट्रटवर तेल ओघळलेले दिसले, तर दट्ट्याचे काम संपले आहे. मग गाडी जॅकवर नव्हे तर भक्कम स्टँडवर टेकवून, चाक काढून, ब्रेकची नळी सोडवून, खालचे दोन बोल्ट व वरचे नट काढले की स्ट्रट हातात येतो.

खरा धोका इथून पुढे आहे. स्ट्रट बाहेर आला तरी स्प्रिंग दबलेलीच असते. तिला रोखून धरतो तो मधला एकच नट. समजा, स्प्रिंगचा स्थिरांक दर मीटरला २०,००० न्यूटन आहे आणि ती १५ सेंटिमीटर दाबली आहे. तर बल ३,००० न्यूटन, आणि साठलेली ऊर्जा ½ × २०,००० × ०.१५² = २२५ ज्यूल. म्हणजे २३ किलोचा दगड एक मीटरवरून पडावा तेवढी. स्प्रिंग दाबून धरणारे शिकंजे दोन्ही बाजूंनी सारखे आवळून, वरची बैठक सैल झाल्याखेरीज त्या नटाला पान्हा लावला तर ही ऊर्जा एका क्षणात सुटते आणि माणूस जबर जखमी होऊ शकतो. शिकंजे नसतील तर हे काम गॅरेजमध्येच द्यावे. स्ट्रट जोडीनेच बदलावेत आणि नंतर चाकांचे अलाइनमेंट तपासून घ्यावे.

वर्गात एक प्रयोग करता येईल. स्प्रिंगला छोटा दगड टांगून हेलकावे मोजा. आधी हवेत, मग दगड पाण्यात बुडवून, मग गोडेतेलात. आकडे फळ्यावर मांडले की स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि द्रव ती शोषून घेतो, हा फरक विद्यार्थ्यांना स्वतःलाच सांगता येईल. हूकचा नियम पाठ असणाऱ्याला तो नट कधी सोडायचा नाही हेही कळले, तर तो नियम खरा शिकला असे म्हणावे.