अक्षरविभाजन (ध्वनिशास्त्र)
बहुधा एका स्वराभोवती जमलेला उच्चारखंड म्हणजे अक्षर. आर. एच. स्टेटसन यांनी १९२८ मध्ये प्रत्येक अक्षरामागे छातीच्या स्नायूंचा एक ठोका मानला. पुढे लॅडफोगेड प्रभृतींच्या स्नायुमापनात तसा नियम आढळला नाही. येस्पर्सन यांचा श्राव्यतेचा सिद्धांत अधिक टिकला : श्राव्यतेच्या शिखरावर अक्षराचा गाभा, दोन शिखरांमधल्या खोलगटात सीमा. ‘अमरावती’ लिहिताना अक्षरचिन्हे पाच. बोलताना ‘म’मधला ‘अ’ लोपून अम्‌-रा-व-ती अशी शिखरे चारच. ‘वऱ्हाड’मध्ये जोडाक्षर असूनही ‘व’ लघुच राहतो, म्हणून ‘ऱ्ह’ हा एकच महाप्राण ध्वनी मानणे योग्य. अकोला-अमरावतीकडच्या वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो : डोळा–डोया, फळ–फय. ‘डो-या’ची सीमा हलत नाही, ‘फय’मध्ये मात्र ‘य’ आधीच्या स्वराला चिकटून जोडस्वरासारखा ऐकू येतो आणि स्वर कुठे संपला, हे श्राव्यतेवरून सांगणे कठीण होते.